भरतीबरोबर निघालेली होडी : देवबागच्या खाडीत एका कुटुंबाचं गरवणं

कर्ली नदी सह्याद्रीतून उतरते, नेरूर-वालावलच्या बाजूने रुंदावत येते आणि देवबागच्या टोकाशी समुद्राला मिळते. देवबाग म्हणजे मालवण तालुक्यातली एक चिंचोळी पट्टी : पश्चिमेला अरबी समुद्र, पूर्वेला कर्लीची खाडी, मध्ये माड, घरं आणि रस्ता. समोरच्या काठावर वेंगुर्ला तालुक्यातलं भोगवे. डिसेंबरच्या सुट्टीत इथे पर्यटक लोटतात ते मुख्यतः डॉल्फिन, पॅरासेलिंग आणि संगमावरच्या वाळूच्या बेटासाठी. अलीकडे त्यात आणखी एका मागणीची भर पडली आहे : "आम्हाला मासे पकडायला घेऊन चला." गळ टाकून गरवणं हे इथल्या माणसांचं पिढ्यानपिढ्यांचं फावल्या वेळेचं काम. आता ते पाहुण्यांना शिकवायचं, त्यांना सुखरूप परत आणायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे, हे मात्र नवीन आहे.

सिंधुदुर्गात घरगुती निवास चालवणाऱ्या कुटुंबांबरोबर माझं काम असतं. म्हाताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळ्यांना एकाच होडीत घेऊन गरवायला कसं न्यायचं, हे मला तिथे वारंवार विचारलं जातं. म्हणून हे एक प्रकरण सविस्तर मांडते आहे. यातलं कुटुंब माझ्या मावसबहिणीचं आहे आणि त्या होडीत मीही होते. नावं मुद्दाम दिलेली नाहीत.

माणसं आणि त्यांच्या इच्छा

पुण्याहून सहा जण आले होते. आजोबा ७२ वर्षांचे, मूळचे कृष्णाकाठचे. लहानपणी त्यांनी नदीत गळ टाकलेला आहे; आता गुडघ्यांमुळे काठी लागते. आजींना पाण्याची भीती नाही, पण पोहता येत नाही. बहीण आणि तिचे यजमान चाळिशीतले. मुलगी १३ वर्षांची, मुलगा ८ वर्षांचा. पोहणारे दोघंच, वडील आणि मुलगी, तेही तरणतलावात.

सफरीची कल्पना वडिलांची. त्यांनी चांगला रॉड आणि रीळ घेतलं होतं, रबरी आणि लाकडी नकली मासे घेतले होते, आणि महिनाभर व्हिडिओ पाहून तयारी केली होती. त्यांना चोणक हवा होता. रायगडकडे ज्याला जिताडा म्हणतात तोच हा मासा. पहाटे सहाला निघायचं, खाडीच्या तोंडाशी जायचं आणि भोगव्याच्या बाजूच्या खडकांजवळ गळ टाकायचा, असा त्यांचा बेत पक्का होता. मुलाला शार्क बघायचा होता. मुलीला यायचंच नव्हतं. आजोबांना एवढंच हवं होतं की कुणी आपल्याला किनाऱ्यावर बसवून ठेवू नये. आजी आणि बहीण काहीच बोलल्या नाहीत, आणि माझ्या अनुभवात कुटुंबाच्या सहलीत सगळ्यात आधी ऐकायला हवं ते हे न बोललेलंच.

घेऊन जाणारे तांडेल, म्हणजे होडीचे प्रमुख, मासेमारी करणाऱ्या गाबीत समाजातले, पन्नाशीचे. वडिलांबरोबर रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढत मोठे झाले, पुढे काही वर्षं मोठ्या बोटीवर खलाशी होते. एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर २०१७ मध्ये बंदी आली, तरी चोरून चालणाऱ्या त्या मासेमारीची झळ छोट्या होडीवाल्याला बसतेच. ती त्यांनाही बसली, म्हणून आता हंगामात पाहुण्यांना घेऊन खाडीत जातात. पत्नी घरी दोन खोल्यांचा निवास सांभाळतात. सोबतीला पुतण्या असतो, विशीतला, पाग म्हणजे हाताने फेकायचं जाळं टाकण्यात तरबेज.

फोनवर तांडेलांनी पैशांच्या आधी चार गोष्टी विचारल्या. कोणाची वयं किती, पोहतं कोण, बोट कोणाला लागते आणि मासे घरी न्यायचेत का. चौथा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. मासे जेवणासाठी हवेत, फोटोसाठी हवेत की पोरांना गंमत म्हणून हवेत, यावर कुठल्या पाण्यात जायचं हे ठरतं. वडील म्हणाले, "मोठा एक मिळाला तरी पुरे." तांडेलांनी ते ऐकून घेतलं आणि वेळ नंतर कळवतो म्हणाले.

सहा वाजता की नऊ वाजता

संध्याकाळी निरोप आला : नऊला या. वडील नाराज झाले. मासे पहाटे लागतात, हे त्यांनी शंभर ठिकाणी वाचलं होतं, आणि ते खोटं नाही. फिक्या उजेडात चोणक आणि तांबोशी काठाजवळ येतात, आणि ओसरतं पाणी खारफुटीतली कोळंबी, बारीक मासळी बाहेर ओढून त्यांच्या तोंडाशी आणतं. एकटा गरवणारा माणूस असता तर तांडेल स्वतःच त्याला सहाला घेऊन गेले असते. तसं त्यांनी सांगितलंही.

पण त्या दिवशी कृष्ण चतुर्थी होती. कोकणात भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब पाऊणकीच्या पाढ्याचा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची, जेवढे येतील तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चार पाऊण तीन. म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला पाणी भरलेलं, आणि मधली सुकती, म्हणजे ओहोटी, सकाळी नऊच्या आसपास संपणार. मुंबईच्या पाण्याला हा हिशोब नेमका बसतो; मालवणच्या बाजूला पाणी त्याच्या थोडं आधी फिरतं. साडेआठच्या सुमारास पाणी तळाला जाणार आणि नऊपर्यंत भरती खाडीत शिरायला लागलेली असणार. पौर्णिमा होऊन चारच दिवस झाले होते, त्यामुळे उधाणाचा जोर पुरता ओसरलेला नव्हता.

सकाळी सहाला म्हणजे ऐन सुकतीत खाडीचं सगळं पाणी तोंडातून बाहेर धावत असतं. तोंडाशी वाळूचा दांडा आहे, आणि तो दर पावसाळ्यानंतर जागा बदलतो. बाहेरून येणारी लाट आणि आतून जाणारा ओढा त्या उथळ जागी समोरासमोर येतात, तेव्हा लाट उभी राहते आणि फुटते. त्यात डिसेंबरची पहाट म्हणजे मतलई वाऱ्याची वेळ. हा वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. पाणी बाहेर, वाराही बाहेर. तांडेलांनी वडिलांना हे एवढ्यातच सांगितलं :

"सकाळचा पाणी भायर जाता. मशीन बंद पडला तर सुकती आमका भायर व्हरतली, भरती घराकडे हाडतली. पोरां आसत, नऊक येवा."

या प्रकरणातला सगळ्यात मोठा निर्णय मला हाच वाटतो, आणि तो माशांसाठी नव्हता. गरवायला दोन्ही पाणी चालतं. फक्त पाणी हललं पाहिजे, थांबलेल्या पाण्यात मासा तोंड उघडत नाही. म्हणून मासे कमी मिळण्याचा थोडा धोका पत्करून तांडेलांनी अशी वेळ निवडली की काहीही चुकलं तर पाणी आपल्या बाजूला असावं. भरतीत होडी वाळूत बसली तर थोड्या वेळाने आपोआप तरंगते; सुकतीत बसली तर पुढची भरती येईपर्यंत उन्हात तिथेच. दुपारी साडेबाराच्या पुढे समुद्रावरून खारा वारा सुटतो आणि खाडी खडबडीत होते, म्हणून परतायची वेळही ठरलेली होती. नऊ ते साडेबारा. या साडेतीन तासांत पाणी आत येत होतं आणि वारा जवळपास पडलेला होता.

काठावरची तयारी

निवास समुद्राच्या बाजूला असूनही तांडेलांनी होडी खाडीच्या बाजूला लावली. समुद्राच्या वाळूवरून होडीत चढायचं तर लाट मागे हटताना पटकन पाय टाकावा लागतो, आणि काठी घेतलेल्या माणसाला ते जमत नाही. खाडीत होडी धक्क्याला शांत उभी राहते. पुतण्याने एक खुर्ची आणून होडी आणि धक्का यांच्यामध्ये पायरी केली. आजोबा कुणाचा हात न धरता चढले, आणि मला वाटतं त्यांची सफर तिथेच यशस्वी झाली.

होडी फायबरची, मागे मशीन, दहा जण बसतील एवढी. तांडेलांनी सौदा सात पाहुण्यांवर ठेवला होता. मे २०२२ मध्ये तारकर्लीत पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, त्यानंतर या पट्ट्यात लाइफ जॅकेटबद्दल सगळेच जास्त बोलतात. इथे ती प्रत्येकाला मिळाली, धक्क्यावरच घालायला लावली आणि पुतण्याने प्रत्येकाच्या खांद्याला धरून वर खेचून पाहिली. मात्र एक उणीव राहिली. लहान मापाचं एकच जॅकेट होतं, ते मुलाला गेलं. मुलीला मोठ्यांचं पट्टे आवळून दिलं. ती पोहणारी आणि पाणी खाडीचं, म्हणून चाललं. पण पट्टे आवळलेलं मोठं जॅकेट पाण्यात माणसाच्या कानापर्यंत वर सरकतं, आणि आपण ते चालवून घ्यायला नको. मुलांची जॅकेटं वजनावरून ठरतात. फोनवर वयाबरोबर वजनही विचारलं असतं तर ही अडचण आली नसती.

दोन कामं त्यांनी अशी केली की मला ती प्रत्येक होडीवर पाहायला आवडतील. एक, सगळ्या गऱ्यांची उलटी धार पकडीने दाबून सपाट केली. अशा गरीवर मासा सुटण्याची शक्यता थोडी वाढते, पण ती पोराच्या बोटात घुसली तर सरळ मागे निघते. दोन, घरून गरम पाण्याचा थर्मास घेतला. तो शिंगाळा या माशासाठी. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना विषारी काटे असतात. काटा लागला तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवणं हाच पहिला उपाय, त्याने वेदना ओसरतात. थर्मास बघून आजींना वाटलं चहा आहे, आणि मग चहासाठी दुसरा थर्मास भरून आला.

ज्याबद्दल कोणी बोलत नाही

साडेतीन तास होडीत बसायचं आणि होडीत मोरी नाही. पुरुषांना हा प्रश्न फारसा पडत नाही. माझ्या बहिणीने आणि आजींनी सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, हे मला नाश्त्याच्या वेळी कळलं. बायका असंच करतात. मग बारा वाजता उन्हाने डोकं धरतं, मळमळतं, आणि घरी गेल्यावर सगळे म्हणतात की तिला बोट लागली. मुलगी १३ वर्षांची, तिचं "मला यायचं नाही" यात हेही कारण होतं. ते तिने फक्त आईला सांगितलं होतं.

तोडगा काढला तो तांडेलांच्या पत्नीने. आदल्या रात्री जेवण वाढताना त्यांनी बहिणीला बाजूला घेऊन सांगितलं होतं की साडेदहाला पलीकडच्या काठावर ओळखीच्या घरी होडी थांबेल, तिथे सगळी सोय आहे, तुम्ही पाणी प्या. बहिणीचा विश्वास सकाळपर्यंत बसला नव्हता. धक्क्यावर त्या पुन्हा आल्या, आजींच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि नवऱ्याला सगळ्यांसमोर आठवण करून दिली. मग मुलगी निघाली. होडीवाल्यांच्या जाहिरातीत मोठ्या माशाचा फोटो असतो. "मध्ये थांबायची सोय आहे" ही एक ओळ त्या फोटोखाली असती, तर कितीतरी घरांतल्या बायका किनाऱ्यावर बसून राहिल्या नसत्या.

पाण्यावर

संगमावरच्या बेटाकडे तांडेल गेलेच नाहीत. तिथे बनाना बोटी आणि जेट स्कीचा गोंगाट, आणि प्रत्येक बोटीची लाट उथळ पाण्यात गढूळपणा उठवते. ते आतल्या बाजूच्या वाळूच्या पट्ट्यावर आले. भरतीचं पाणी नुकतंच त्यावर चढत होतं. पुतण्याने वाटेत पाग टाकून सुंगटं, म्हणजे कोळंबी, धरली होती, ती पाण्याच्या बादलीत जिवंत होती.

इथे मासा कोणता तर मुडदुशी. वीतभर लांबीची, चांदीसारखी, वाळूतले किडे आणि बारीक कोळंबी टिपणारी. भरती कोरड्या वाळूवर चढते तशा मुडदुश्या तिच्या मागोमाग खायला येतात. पाणी छातीभरही नसतं, तळ स्वच्छ असतो, तंगूस (गळाची नायलॉनची दोरी) कुठे अडकत नाही, आणि मासा झुंडीने फिरतो म्हणून वाट पाहावी लागत नाही. ८ वर्षांच्या पोरासाठी यापेक्षा चांगला पहिला मासा या खाडीत नाही. बारीक गरी, सुंगटाचा नखाएवढा तुकडा, चिमूटभर शिसं. मागे वळून रॉड फिरवायचा नाही, होडीच्या कडेवरून खाली सोडायचा; एका वेळी एकानेच. एवढेच नियम.

मुलाला पहिल्या दहा मिनिटांत मासा लागला आणि तो एवढ्या जोरात ओरडला की आजी उठून उभ्या राहिल्या. तांडेलांनी आधी आजींना बसवलं, मग मासा काढला. दुसरा मासा मुलीचा. तिने फोन बाजूला ठेवला नाही, एका हाताने तो धरूनच रॉड सांभाळला. पण थोड्या वेळाने तिच्या लक्षात आलं की चटका बसल्यावर लगेच ओढलं तर मासा सुटतो, आणि एक क्षण थांबून नुसतं मनगट उचललं तर लागतो. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिने भावाला शिकवलं, मग वडिलांना. त्या होडीत सगळ्यात जास्त मुडदुश्या तिच्या नावावर जमा झाल्या.

आजोबांना तांडेलांनी रॉड दिलाच नाही. लाकडी तुकड्यावर गुंडाळलेला तंगूस दिला आणि तर्जनीवरून सोडायला सांगितला. हाताला धरलेल्या तंगुसावर तळातली प्रत्येक हालचाल बोटाला कळते. मासा नुसता हुंगतोय, तुकडा सोलतोय की गिळतोय, हे रॉडच्या टोकाकडे बघून जेवढं समजत नाही तेवढं बोटाला समजतं. ज्याच्या खांद्याला रॉड झेपणार नाही त्याच्यासाठी ही सोय आहे, आणि नुसती सोय नाही, जास्त बारीक कसब आहे. आजोबा तासभर कोणाशी बोलले नाहीत.

शिंगाळा आला तो मुलाच्या गळाला. मिशा बघून त्याने हात पुढे केला. पुतण्या तयारच होता. त्याने पोराचा हात वरच्या वर धरला, पकडीने गरी सोडवली आणि मासा पाण्यात टाकला. गरम पाणी लागलं नाही.

दहाव्या-बाराव्या मिनिटाचा प्रश्न

साडेदहाला पलीकडे थांबून होडी परत निघाली, तेव्हा पाण्याखालून तरंगत आलेला जुन्या जाळ्याचा तुकडा पंख्यात गुंतला. मशीन अडकून बंद पडलं. जागा संगमापासून फार लांब नव्हती. तोंडाशी फुटणाऱ्या लाटांचा पांढरा पट्टा दिसत होता.

तांडेलांनी आवाज चढवला नाही. पुतण्याला नांगर टाकायला सांगितलं, सगळ्यांना बसून राहायला सांगितलं, मशीन तिरकं करून पंखा वर घेतला आणि कोयतीने जाळं कापायला बसले. नायलॉन पंख्याच्या दांड्यावर घट्ट बसलं होतं. नांगर धरेपर्यंत होडी हळूहळू सरकत होती, आणि ती सरकत होती आत, वालावलच्या दिशेला. दहा-बारा मिनिटांनी मशीन सुरू झालं. मुलाला तर काही झालंय हेच कळलं नाही. त्या वेळात त्याने आणखी एक मुडदुशी काढली.

हीच गोष्ट सकाळी साडेसहाला, तोंडाजवळ, सुकतीत झाली असती तर? मी हे नंतर तांडेलांना आणि गावातल्या आणखी दोघा जाणत्यांना विचारलं. तिघांचंही म्हणणं असं की बहुधा नांगराने होडी धरली असती आणि मोठं काही घडलं नसतं. मला ते पटतं. घडलेल्या गोष्टीला उगाच संकटाचं रूप द्यायला नको. पण वाळूत नांगर धरायला होडीला थोडं सरकावं लागतं. भरतीत ते सरकणं आत, खोल आणि शांत पाण्याकडे होतं. सुकतीत ते फुटणाऱ्या लाटांकडे झालं असतं, मतलईने त्यात भर घातली असती, आणि होडीत पोहू न शकणारी चार माणसं असती. पहिल्या नांगराने धरलं नाही तर दुसरा प्रयत्न करायला वेळ किती, हा खरा फरक आहे. तांडेलांनी वेळ नऊची धरली तेव्हा त्यांनी नेमका हा वेळ कमावला होता.

वडिलांचा तास

अकरा वाजून गेले तशी वडिलांची चुळबुळ वाढली. एक होडी तोंडातून बाहेर जाताना दिसली, आणि त्यांनी पुन्हा खडकांचा विषय काढला. तांडेलांनी नाही म्हटलं, पण रिकामं नाही म्हटलं नाही. होडी खारफुटीच्या काठाला नेली, मुलांना खाऊ काढायला सांगितला आणि शेवटचा तास फक्त वडिलांना दिला. कुटुंबात एकजण हौशी असतो आणि बाकीचे त्याच्यासाठी आलेले असतात. त्या एकाला काहीच मिळालं नाही तर परतीच्या गाडीत सगळ्यांचा दिवस बिघडतो. पोरांना आधी आणि हौशी माणसाला शेवटी, हा क्रमही मला योग्य वाटतो. पोरांचा धीर सकाळी शाबूत असतो.

भरतीचं पाणी आता मुळांमध्ये शिरत होतं. नकली मासा मुळांच्या अगदी कडेला पडला की तांबोशी झडप घालते आणि त्याच दमात मागे मुळांत पळते. पहिली तांबोशी तशीच गेली. दोन सेकंदांत तंगूस शिंपल्यांवर घासून तुटला. तांडेलांनी रिळाची चाकी आवळून दिली आणि सांगितलं की ती लागली की रॉड वर नको, आडवा ओढा, तिला वळूच देऊ नका. दुसरी होडीत आली. दीड वीत असेल, तांबूस, कोवळे दात दाखवणारी. वडिलांना ती ठेवायची होती.

तांडेल म्हणाले, "साहेब, ह्या अजून पोर असा. भायर जाऊन मोठा होतला."

हे नुसतं भावनेचं बोलणं नव्हतं. तांबोशीचं बालपण खाडीत आणि खारफुटीत जातं. मोठी झाली की ती बाहेरच्या खडकाळ समुद्रात जाते आणि प्रजनन तिथे करते. खाडीत मिळणारी लहान तांबोशी एकदाही व्यालेली नसते. चोणकाचं बरोबर उलट : तो गोड्या-मचूळ पाण्यात राहतो आणि पावसाळ्याच्या सुमारास प्रजननासाठी तोंडाशी उतरतो. शिवाय तो आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, म्हणजे फोटोतले धिप्पाड चोणक बहुतेक माद्याच. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान कायदेशीर आकार ठरवले, त्यामागे हाच विचार आहे : माशाला एकदा तरी अंडी घालू द्यावीत. गरवणाऱ्या पाहुण्याला कायदा सांगण्यापेक्षा माशाचं आयुष्य सांगितलेलं जास्त लागू पडतं. वडिलांनी हात ओले केले, तांबोशी पाण्यात धरली, आणि ती स्वतः निसटेपर्यंत धरून ठेवली. साडेबाराला होडी धक्क्याला लागली.

मासे किती ठेवायचे

त्या दिवशी संकष्टी होती. आजींचा उपास, आणि घरात त्या दिवशी मासे शिजत नाहीत. हे तांडेलांना आदल्या दिवशीच ठाऊक होतं. भरतीची वेळ काढताना तिथी पाहिलीच होती. म्हणून त्यांनी सुरुवातीलाच हिशोब घातला : उद्या दुपारी जेवढे लागतील तेवढेच बर्फात ठेवायचे, बाकीचे जिवंत असतानाच सोडायचे. माणशी दोन मुडदुश्या ठेवल्या. दुसऱ्या दिवशी त्या तिखट-मीठ आणि कोकमाचं आगळ लावून, रव्यात घोळवून तळल्या गेल्या. सोबत भात आणि सोलकढी. मुलाने आपली कोणती ते ओळखण्याचा प्रयत्न केला.

इथे माझं एक ठाम मत आहे. बाहेरच्या देशांतलं "सगळं सोडा" हे तत्त्व आपल्याकडे जसंच्या तसं लादू नये. मासा हे इथल्या ताटातलं अन्न आहे, आणि पोराने धरलेला मासा घरी शिजला तर त्याला समुद्राबद्दल जे वाटतं ते दुसऱ्या कशाने वाटणार नाही. पण किती ठेवायचे हा आकडा होडी सुटण्याआधी ठरलेला असावा. मासे लागायला लागले की कुणालाच थांबावंसं वाटत नाही, आणि मग बादलीतले निम्मे मासे उन्हात वाया जातात.

नंतर काय झालं

सफर झाल्यावर मी तांडेल आणि त्यांच्या पत्नीबरोबर बसून उणिवा लिहून काढल्या. मुलांच्या मापाची आणखी दोन जॅकेटं त्यांनी घेतली आहेत, आणि फोनवर आता वजन विचारतात. होडीवर सावलीचं कापड नव्हतं. आजींची मान भाजली होती. बांबूच्या चार काठ्या आणि ताडपत्री एवढंच लागणार होतं, ते झालं. मध्ये थांबण्याची सोय आता पत्नी स्वतः फोनवर सांगतात, आणि शक्यतो घरातल्या बाईशीच बोलतात. सुटी वल्ही होडीत होती, पण सामानाखाली. ती आता कडेला बांधलेली असतात.

वडिलांनी फेब्रुवारीत परत यायचं ठरवलं, या वेळी एका मित्राबरोबर. दोघंही पोहणारे. त्यांनी पुन्हा पहाटे सहाचीच वेळ मागितली आणि पुन्हा चतुर्थीच्या आसपासचाच दिवस निघाला. तांडेलांनी लगेच हो म्हटलं. अटी दोन : तोंडाकडे न जाता सुकतीबरोबर आतल्या खारफुटीच्या काठानेच गरवायचं, आणि पुतण्याची दुसरी होडी हाकेच्या अंतरावर राहील.